संध्याकाळी साडेपाचला ती वाचायला येईल

पुणे, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आई, हे पत्र तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. अक्षर मुद्दाम जाड पेनानं मोठं काढलंय, म्हणून पानं वाढलीत. पण बाबा, तुम्ही भिंग घेऊन बसू नका. नुसतं ऐका.

एक गोष्ट ठरवून टाकली आहे. सोळा तारखेपासून, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाचला एक मुलगी आपल्याकडे येईल आणि तासभर बाबांना पुस्तक वाचून दाखवेल. मराठी घेऊन बी.ए. करतेय. मूळची शिराळ्याकडची, समोरच्या काकूंच्या नात्यातली, त्यामुळे घरात कुणी परकं येतंय असं मनात आणू नका. तिचं वाचन मी फोनवर ऐकलंय. जोडाक्षराला अडखळत नाही, घाई करत नाही, आणि 'न' आणि 'ण' वेगळे म्हणते. हे शेवटचं मी खास बाबांसाठी तपासून घेतलं. मे अखेरपर्यंतचे पैसे देऊन झालेत, तेव्हा 'कशाला उगाच खर्च' हा विषयच नाही. तिलाही त्या पैशांचा उपयोग आहे, खोलीचं भाडं निघतं तिचं. तुम्ही नको म्हणालात तर तिची पंचाईत होईल.

बाबा, आईवर रागावू नका. तिनं मला काही सांगितलेलं नाही. दिवाळीत मीच बघितलं. तुम्ही नेहमीसारखे झोपाळ्यावर पेपर घेऊन बसला होता आणि पान उलटत नव्हतं. गणपतीत उशाशी होतं ते पुस्तक दिवाळीतही उशाशी, खूण त्याच पानात. आणि निघताना तुम्ही सहज म्हणाल्यासारखं म्हणालात, 'ती कपाटातली पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकू एकदा.' पुण्यापर्यंत माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. २०१९ च्या महापुरात खालचे कप्पे पाण्यात गेले, तेव्हा घरातला चिखल काढायच्या आधी ओली पानं पंख्याखाली वाळत घालणारे तुम्ही. एकही पुस्तक कुठे जाणार नाही. मी ते ऐकलंच नाही असं समजा.

'मला काय कुणी वाचून दाखवायला हवं' असं तुमच्या मनात येईल, मला माहीत आहे. पण आपल्या घरात वाचणारा एक आणि ऐकणारे चार हे आधीपासूनच आहे ना? आजीला अक्षरओळख नव्हती. चातुर्मासात तुम्ही ऑफिसातून आलात की हातपाय धुऊन पांडवप्रताप काढायचात, आणि ती वाती वळत ऐकायची. मध्येच थांबवून 'हां, पुन्हा म्हण' म्हणायची. तिनं पांडवप्रताप वाचला नव्हता असं कोण म्हणेल? सगळ्या शेजारणींना तीच तर समजावून सांगायची. तुम्ही आजीच्या जागी बसायचं आणि 'पुन्हा म्हण' म्हणायचं, इतकंच.

हे ठरल्यापासून मी भेटेल त्याला दोनच प्रश्न विचारतेय. सध्या काय वाचताय? आणि माझ्या बाबांना काय ऐकवू? लोक इतकं मनापासून सांगतात, बाबा. एरवी लिफ्टमध्ये मान हलवून जाणारी माणसं पुस्तकाचं नाव काढलं की थांबतात.

ऑफिसातल्या एकानं कृष्णात खोतांची 'रिंगाण' हातात दिली. तो पन्हाळ्याकडचा आहे, खोतही तिकडचेच. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळालाय. दोन रात्रींत वाचून काढली. धरणात उठलेल्या गावातला माणूस, मागं राहिलेल्या म्हशीसाठी पुन्हा त्या जागी जातो. गावाचं रान झालंय आणि म्हैसही रानाची झालीय. वाचताना मला सारखं मणदूर दिसत होतं. मी लहान होते, मला त्या क्वार्टरच्या मागचा ओढा आणि तुमची जीप एवढंच आठवतं. तुम्हाला चांदोली धरणाचं सगळं आठवत असणार. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' वाचल्यावर तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता, आणि मग एका रात्री आईशी जे बोललात ते मी पलंगावर जागी राहून ऐकलं होतं. गेल्या महिन्यात विश्वास पाटील साताऱ्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा इथे जो तो 'पानिपत'बद्दल बोलत होता. मला मात्र आपल्या घरातली ती १९९१ सालची 'झाडाझडती'च आठवली. तिच्यात तुम्ही समासात पेन्सिलनं लिहिलंय, ते अजून आहे.

म्हणून 'रिंगाण' द्यावी की नको याचा मी खूप विचार केला. तुम्ही कालव्याचं काम केलंत. ज्यांच्या शेतात पाणी आलं ती माणसंही तुम्ही पाहिलीत, आणि ज्यांच्या घरात आलं तीही. दोन्ही खरं आहे, आणि त्यात तुमचा दोष कधीच नव्हता, हे मी आज लिहून ठेवते. मला वाटतं ही कादंबरी तुम्हीच ऐकायला हवी, कारण तुम्हाला त्यातलं जे कळेल ते आम्हाला कळणार नाही. तिची भाषा तिकडच्या बोलण्याची आहे, पुण्यात कुणाकडून वाचून घेतली असती तर वाट लागली असती. शिराळ्याची मुलगी मिळाली म्हणूनच मी धाडस केलं. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या, आधी नको. आणि जीव घाबरा झाला तर तिला 'बास' म्हणा आणि चहा घ्या. पुस्तक संपवलंच पाहिजे असं काही नाही.

सुरुवात 'स्मृतिचित्रे'नं करायची. हे माझं नाही, वरच्या मजल्यावरच्या आजींचं मत. त्यांचेही डोळे गेलेत आणि त्यांची सून त्यांना वाचून दाखवते. त्या म्हणाल्या, ऐकायला लक्ष्मीबाई टिळकांसारखं दुसरं काही नाही. पहिला भाग १९३४ चा, पण बाई समोर पाटावर बसून बोलतायत असं वाटतं. खरंच आहे ते. ऐकायच्या पुस्तकाचं गणित वेगळं असतं हे मला आता कळायला लागलंय. माणसं बोलणारी हवीत, प्रकरणं लहान हवीत, आणि मागचं पान उलटून बघायची गरज पडू नये. म्हणून रंगनाथ पठारेंचं 'सातपाटील कुलवृत्तांत' मी सध्या बाजूला ठेवलंय. माझी मैत्रीण त्यानं वेडी झालीय, मलाही आवडतंय, पण आठशेच्या आसपास पानं आणि पिढ्यान्पिढ्यांची नावं. पावसाळ्यात बघू. त्याऐवजी 'बनगरवाडी' घ्या. तुम्ही ती कितीदा वाचली असेल, पण माडगूळकरांचं वाक्य कानावर पडतं तेव्हा वेगळंच लागतं. आणि मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' आणलंय. गेल्या जूनमध्ये ते गेले तेव्हा तुम्ही फोनवर बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत होता. जाड आहे, पण रानातल्या गोष्टी आहेत, कुठूनही उघडावं. तुम्हाला मध्येमध्ये थांबवून तिला चांदोलीतलं सांगता येईल. सांगाच. तिला परीक्षेत त्याचा उपयोग नसेल, पण तिला हे दुसरं कोण सांगणार?

आता आई, तुझं. तुला वाटत असेल हिला बाबांचीच काळजी. माझी बंगळूरची मैत्रीण तुझ्यासाठी बानू मुश्ताक यांच्या कथा कन्नडमधून पाठवतेय. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी, दोघींना मिळून. कन्नडला पहिल्यांदा मिळालं, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. बाई हासनच्या, पेशानं वकील. बायकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, मुसलमान घरांतल्या, पण तुला त्यात अथणीच्या तुमच्या गल्लीतलं बरंच ओळखीचं सापडेल. मी इंग्रजीतून वाचल्या. वाचताना सारखं वाटत होतं, हे आईनं मुळातून वाचायला हवं. लग्न झाल्यापासून तू कन्नड पुस्तक हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. भाऊबीजेला मामा आला की दहा मिनिटं तेवढी तुमची कन्नड चालते.

आणि वाचून झालं की रात्री बाबांना मराठीत सांगायचं. तुला आठवतं ना, दिवे गेले की मी तुझ्या पोटाशी शिरायची आणि तू कन्नड गोष्ट मराठीत सांगायचीस, मध्येच एखादं वाक्य कन्नडच राहायचं आणि मी 'म्हणजे काय गं' विचारायची. तुझ्या साडीला फोडणीचा वास असायचा. मला अजून कधी झोप लागत नाही तेव्हा ती वाक्यं आठवतात, अर्थ येत नाही तरी. तर तसं सांग बाबांना. त्या कथांमधल्या काही अवघड आहेत, सगळ्या रात्री सांगण्यासारख्या नाहीत. ते तू ठरव.

तारा भवाळकरांचं 'सीतायन'ही ठेवलंय. गेल्या वर्षी दिल्लीच्या संमेलनाला त्या अध्यक्ष झाल्या तेव्हा तू 'आपल्या सांगलीच्या बाई' म्हणून मला तीनदा फोन केला होतास. आता पुस्तक वाच. दुपारी मालिकेच्या वेळेतला अर्धा तास काढ, जास्त नको. आणि पाय खाली सोडून नाही, स्टुलावर ठेवून वाच. गुडघे सुजतात ते त्यानंच.

मुलगी येण्याआधी आणि रविवारी चालेल म्हणून एक छोटा स्पीकर पाठवलाय. त्यावर स्टोरीटेलची मराठी पुस्तकं ऐकता येतात. माझ्याबरोबर काम करणारी एक जण रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तसंच ऐकते, तिची कितीतरी पुस्तकं झाली. चालू-बंद करायचं बटण लाल टिकली लावून दाखवलंय. झोप लागली तर आपोआप बंद होतं, मी लावून दिलंय तसं. किंडलचाही विचार केला होता. त्यात मराठी अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पण मधोमधच धूसर दिसतं म्हटल्यावर एका पानावर चार ओळी उरतील आणि बाबा चिडतील. ते राहू दे.

रविवारी सकाळी अकराला चिकू फोन करेल आणि तुम्हाला 'फास्टर फेणे' वाचून दाखवेल. त्याची शाळा इंग्रजी, मराठी वाचताना अडखळतो, फुरसुंगी म्हणताना तर दोनदा थांबतो. तुम्ही चुका काढायच्या, प्रेमानं. मला जसं खडसावायचात तसं नाही, तो लगेच रडवेला होतो. हा फोन माझ्यासाठीही आहे. माझी नोकरी, त्याची शाळा, ह्यांचं शिफ्टचं काम, यातून महिन्याला सांगलीला यायचं म्हटलं तरी जमत नाही. आणि 'पुण्याला या' असं मी पुन्हा म्हणणार नाही. तुमचं घर, तुमचा झोपाळा, कृष्णेचा वारा, समोरच्या काकू, हे सोडून चौथ्या मजल्यावर कशाला कोंडून घ्यायचं? मला कळतं ते. म्हणून जे इथून करता येतं ते मी करतेय, एवढंच समजा. मनाला लावून घेऊ नका.

आता काही सूचना. बाबा, ऐका.

डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही. 'आता बरं दिसतंय' म्हणून तर नाहीच नाही. इंजेक्शनानं बरं दिसतंय, म्हणून तर ते घ्यायचं. मिरजेला जायला रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, एसटीनं जाऊ नका. डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर लावलाय तो रोज सकाळी बघा. जवळचा चष्मा लावून, हातभर नाही, फूटभर अंतरावरून, आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो आणि काही कळत नाही. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधला भाग गेल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी मला फोन. दुसऱ्या दिवशी नाही. रात्री नऊ वाजलेत, ती दमली असेल, असला विचार करायचा नाही.

आई, ती मुलगी आली की तिला आधी पाणी आणि काहीतरी खायला दे, मग वाचायला बसव. कॉलेजमधून थेट येणार ती. पण रोज शिरा-पोहे करत बसू नकोस, चुरमुऱ्याचा चिवडा डब्यात भरून ठेव. वाचन चालू असताना कुकर लावायचा नाही. बाबांनी तिला पहिल्या दिवशी दुरुस्त्या सांगायच्या नाहीत, एक आठवडा जाऊ द्या. तिला बाबांची खुर्ची नको, पलीकडची द्या, खिडकीचा उजेड पुस्तकावर पडतो.

पुस्तकांचं खोकं कुरियरनं निघालंय, बुधवार-गुरुवारपर्यंत पोचेल. वरती 'स्मृतिचित्रे' आहे. सोमवारी साडेसहानंतर मी फोन करते, पहिलं प्रकरण कसं वाटलं ते बाबांनीच सांगायचं, आईनं नाही.

चिकूचा आजी-आजोबांना नमस्कार आणि पापा. ह्यांचाही नमस्कार.

तुमची,
माई

ता. क. बाबा, कपाटाची किल्ली आईकडे द्या. वाचनालयाची माणसं बोलावली असतील तर त्यांना सांगा, मुलगी नको म्हणते.