बाबांच्या लेन्सविषयी, टोकियोहून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधीच सांगून टाकते, लेन्स घेतली. तुमच्या मनातली 200-500 एमएमची नाही, निकॉनचीच 300 एमएम एफ/4 पीएफ (पीएफ म्हणजे लेन्स आखूड आणि हलकी करणारी खास काच), आणि तीही वापरलेली. न विचारता घेतली म्हणून रागावू नका.

200-500 चं वजन 2,300 ग्रॅम. तुमचा डी7200 कॅमेरा जोडला की तीन किलो, आणि धनेश उंबरावर येऊन बसेपर्यंत ते सगळं त्या उजव्या खांद्यावर. ही 755 ग्रॅमची आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, म्हणून त्यावर ती 450 सारखी दिसते. 500 ची पोच हिला नाही, हे कबूल. फारच कमी पडली तर 1.4 चा कन्व्हर्टर, म्हणजे पोच 1.4 पट करणारी जोडकाच, बघू.

नवी का नाही? नवीवर इथे 10 टक्के कर, तिकडे 18 टक्के जीएसटी. पर्यटकांना इथला कर माफ आहे, इथे राहणाऱ्या मला नाही. म्हणजे नव्या मालात फार काही वाचत नाही, वाचतं ते वापरलेल्यात. तुम्ही पैसे देणार म्हणून हटून बसाल, तर तेवढ्यापुरता येनचा भाव तुमच्या बाजूने आहे. लाख येनला 2021 च्या सुरुवातीला 70,000 रुपये पडायचे, 2024 च्या जुलैत 52,000. पण देऊ नका. रोलमधला छत्तिसावा फोटो कायम माझा असायचा, त्याचे कुठे घेतलेत?

वापरलेली म्हणजे कुणाची टाकलेली नव्हे हो. इथे प्रत्येक लेन्सला दुकानाची चिठ्ठी असते. चिरी म्हणजे धूळ, ती चालते, फोटोत दिसत नाही. कुमोरी म्हणजे काचेवरचा धूसरपणा. काबी म्हणजे बुरशी. काबी लिहिलेली लेन्स फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. मी मागून टॉर्च मारून काचांच्या कडा पाहिल्या, जाळ्यासारखा एकही धागा नाही. आत बारीक गोल वलयं दिसतील, ती पीएफ काचेची घडणच आहे. घाबरून पुसायला जाऊ नका. दुकानाची हमी मात्र फक्त इथेच चालते, तिकडे दुरुस्तीचे पैसे पडतील. ते माझ्याकडे.

नोव्हेंबरात मीच घेऊन येईन, बिलासकट. ड्यूटी लागली तर विमानतळावर भरेन. कुणाकरवी पार्सल मागवायचं नाही.

आई, हे तुझ्यासाठी. चिपळूणच्या पावसात लेन्स कपड्यांच्या कपाटात नको, चामड्याच्या पिशवीत तर नकोच. रबरी कड असलेला हवाबंद डबा घे, त्यात ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 टक्क्यांमध्ये राहू दे. जेलचा रंग बदलला की ते सुकवायचं, पण पोळ्यांच्या तव्यावर नाही. जुनी लेन्स त्याच डब्यात ठेवू नका, तिला आधीच बुरशी आहे.

आणि बाबा, खांद्याचे व्यायाम रोज. सकाळी निघताना घडीचं स्टूल न्यायचं, उभं राहायचं नाही. आई, तू लक्ष ठेव.

तुमची,
चिऊ