सायली, ॲप काढण्याआधी

तासगाव, रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. नोकरी सोडून मैत्रिणींबरोबर द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप काढायचं तुमचं ठरत आलंय. "पप्पा, तुम्ही मोबाइलच्या धंद्यात आहात, काय वाटतं ते स्पष्ट लिहा" असं तू म्हटलंस. स्पष्टच लिहितो. व्हॉट्सॲपवर एवढं मावलं नसतं.

ॲप कसं बनतं हे तुझं शिक्षण. पण फोन शेवटी ज्याच्या हातात जातो, त्याच्यासमोर काउंटरला मी उभा असतो. तिथून इतकी वर्षं जे दिसलं, तेवढंच सांगू शकतो. तुमची कल्पना चांगली आहे आणि तुमच्या कष्टांची मला शंका नाही. काळजी आहे ती तुम्ही दुकान कुणाच्या जागेत मांडताय, याची.

आपलं दुकान सुरू झालं तेव्हा इनकमिंग फुकट होऊन फार काळ झाला नव्हता. लोक येऊन "मोबाइल द्या" म्हणत नसत, "नोकिया द्या" एवढंच म्हणत, जणू मोबाइल आणि नोकिया एकच. २००३ साली आलेला ११०० त्यांचा सगळ्यात खपलेला फोन, जगात २५ कोटींहून जास्त विकला गेला. टॉर्च होता, धुळीत चालायचा, रात्री पाणी धरायला जाणाऱ्याच्या खिशात तो असायचाच. २००६ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला त्यांचा कारखानाही सुरू झाला. अशी कंपनी संपेल, असं कुणी म्हटलं असतं तर डिस्ट्रिब्युटरने त्याला वेड्यात काढलं असतं. २०१४ च्या नोव्हेंबरात तो कारखाना बंद पडला. फोनचा धंदा त्याआधीच मायक्रोसॉफ्टने घेतला होता आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यातले ७६० कोटी डॉलर बुडीत म्हणून वह्यांतून काढून टाकले.

त्यांचा माल वाईट झाला होता का? अजिबात नाही. नोकियाचे विंडोजवाले लुमिया फोन मी स्वतः विकले आहेत. कॅमेरा सुंदर, बॉडी दणकट, हँग होणं जवळजवळ नाही. पण पोरं आठ दिवसांत परत यायची आणि विचारायची, यात अमुक ॲप का नाही, तमुक का येत नाही. ॲप बनवणारे म्हणायचे, या फोनवर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, या फोनवर ॲप नाही. या फेऱ्यातून तो फोन कधी बाहेर आलाच नाही. फोन विकत घेणारा माणूस खरं तर फोन घेत नसून त्याच्या आतलं दुकान घेतो, हे मला त्या लुमियांनी शिकवलं.

मग मायक्रोमॅक्स. गुडगावची कंपनी, दोन सिम, महिना महिना चालणारी बॅटरी, दर निम्मे. २०१४ च्या शेवटी एका पाहणीत तर स्मार्टफोनमध्ये सॅमसंगलाही मागे टाकलं होतं. आपल्या देशातली कंपनी पहिली आली म्हणून मला खरोखर अभिमान वाटला होता. पण माल तयार व्हायचा चीनमध्ये. त्याच वर्षीच्या जुलैत शाओमी आली, दुकानाच्या वाटेला न जाता थेट फ्लिपकार्टवर, आणि काही मिनिटांत फोन संपायला लागले. मागोमाग ओप्पो आणि विवो आल्या. त्या मात्र गावोगावच्या दुकानात शिरल्या. आपल्या गल्लीतले बोर्ड एका वर्षात निळे-हिरवे झालेले तुला आठवत असतील. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. ते फक्त फोरजीवर चालायचं. त्या दिवशी ज्या ज्या दुकानात थ्रीजीचे सेट भरलेले होते, त्यांचा माल जागच्या जागी जुना झाला. भारतीय कंपन्यांचा सगळ्यात जास्त माल नेमका तोच होता. २०१७ संपता संपता शाओमी पहिल्या नंबरला होती. आज विवो पुढे आहे. उद्या कोण असेल, यावर मी पैज लावणार नाही.

हे सगळं तुला सांगण्याचं कारण, २०१८ मध्ये शाओमीच्या मालकाने जाहीर करून टाकलं की हार्डवेअरवर आम्ही ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. मग कमाई कुठून? फोनमध्ये आधीच भरून दिलेल्या ॲपमधून, जाहिरातींतून. म्हणजे फोन हा गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ता, धंदा पुढे. त्या रस्त्यावरच्या मोक्याच्या जागेची किंमत काय असते? आयफोनवर शोधायची पेटी गुगलची राहावी म्हणून गुगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. एका पेटीसाठी! आणि तुम्ही तिघी त्याच रस्त्यावर टपरी टाकायला निघाला आहात.

आपल्याकडे शंभरातले पंचाण्णव फोन अँड्रॉइडचे. म्हणजे तुमच्यासाठी गुगलचं प्ले स्टोअर हाच बाजार. तू मार्केट यार्ड लहानपणापासून बघितलंयस. समज, बाजार समितीनेच गाळे बांधले, सेस तीच घेते, आणि शिवाय स्वतःची अडतही तिथेच टाकून बसली. बाकीच्या अडत्यांनी कुणाकडे दाद मागायची? प्ले स्टोअरचं नेमकं तसं आहे. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएमसारखं ॲप काही तास स्टोअरवरून गायब झालं होतं. त्याच संध्याकाळी परत आलं, कारण ते पेटीएम होतं. १ मार्च २०२४ ला गुगलच्या फीच्या वादातून भारत मॅट्रिमोनी, नोकरी डॉट कॉम, ९९ एकर्स, कुकू एफएम अशी नावाजलेली ॲप काढली गेली. सरकारने मध्ये पडून ती परत आणवली. तुमचं ॲप छाटणीच्या हंगामात असं आठवडाभर दिसेनासं झालं, तर तुमच्यासाठी कोण मध्ये पडणार?

कायदा अगदी झोपलेला नाही, तेही खरं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला आठवड्याभरात दोन दंड केले, अँड्रॉइडसाठी १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगसाठी ९३६.४४ कोटी. पहिला अपिलात टिकला, दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. आता भारतात गुगलच्या बिलिंगशिवाय दुसऱ्या मार्गानेही गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येतात. पण तसे घेतले तरी फी फक्त ४ टक्क्यांनी कमी होते. सबस्क्रिप्शनला १५ ऐवजी ११. पैसे घेण्याचा खर्च वेगळा. बागायतदाराने तुम्हाला वर्षाचे हजार रुपये दिले, तर शंभर-दीडशे तिकडे जाणार, हे आधीच वहीत मांडून ठेवा. फोनपेने २०२४ च्या फेब्रुवारीत इंडस नावाचं वेगळं ॲप स्टोअर काढलंय, त्यात मराठीही आहे. तिथे जरूर टाका. पण त्याच्यावर विसंबू नका, कारण माझ्या काउंटरवर अजून एकानेही ते आपणहून मागितलेलं नाही.

आता दुसरी बाजू. तुझ्या योजनेच्या कागदात "स्पर्धक" म्हणून तीन शेती-ॲपची नावं आहेत. ती नावं खोड, असं मी म्हणत नाही, पण मला ते स्पर्धक वाटत नाहीत. माझ्याकडे रोज कुणीतरी येतो, "मालक, फोन फुल दाखवतोय, काहीतरी करा." ६४ जीबीचा फोन. आत काय असतं? गुड मॉर्निंगचे फोटो, नातवाचे व्हिडिओ, चार ग्रुपवरची कीर्तनं. मी विचारतो, काय काढू? एकही फोटो काढू देत नाहीत. "ते ॲप-बिप काढा की." आणि मग जे महिन्यात एकदा उघडलं जातं, ते जातं. तुमची खरी गाठ त्या नातवाच्या व्हिडिओशी आहे, सायली. आणि वहीशी. शेडच्या खुंटीला पेनासकट अडकवलेल्या वहीशी. तिला चार्जिंग लागत नाही आणि औषधाने भरलेल्या हातानेही तिच्यात लिहिता येतं.

जागा रिकामी झाली म्हणून नवा माणूस आपोआप आत शिरतो, असंही नाही. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली. शेअरइट आणि यूसी ब्राउझर तर माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असायचे. टिकटॉक गेलं तेव्हा वाटलं, आता आपल्या पोरांची ॲप चालणार. कितीतरी निघालीही. पण जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स, आणि बहुतेक माणसं तिकडे वळली. कारण इन्स्टाग्राम आणि यूट्यूब त्यांच्या हातात आधीच होते, नवीन काही उतरवून घ्यायची गरजच नव्हती. हाइक हे आपल्याकडचं मेसेंजर असंच २०२१ च्या जानेवारीत बंद झालं. चॅट चांगलं होतं, पण काका-मामा सगळे व्हॉट्सॲपवर.

यूपीआयचं बघ. रस्ता सगळ्यांचा, कुणालाही खुला. सरकारी भीम ॲप तर २०१६ च्या डिसेंबरातच आलं. आज पाचातले जवळजवळ चार व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांवरच होतात. रस्ता खुला असला तरी लोक ठरलेल्या दोन गाड्यांतच बसतात. एकाच ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, हा नियमही पुढे ढकलत ढकलत २०२६ अखेरपर्यंत आलाय.

मग करूच नये का? करावं. पण धंदा स्टोअरवर उभा करू नका. स्टोअर फक्त ॲप पोचवण्यापुरतं ठेवा. गिऱ्हाईक तुमचं स्वतःचं पाहिजे, नावानिशी, गावानिशी, फोन नंबरानिशी, म्हणजे उद्या ॲप दिसेनासं झालं तरी तुम्ही त्याच्या बांधावर जाऊन उभ्या राहू शकाल. आणि पैसे बागायतदाराकडून मागण्याआधी विचार करा, त्या नोंदींची गरज सगळ्यात जास्त कुणाला आहे? निर्यातीच्या मालाला औषधाचा अंश तपासला जातो, कुठलं औषध कधी मारलं हे दाखवावं लागतं. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही सरकारी व्यवस्था २००६ पासून आहे. नोंद अर्धवट राहिली तर निर्यातदाराचा कंटेनर अडचणीत येतो. मग वर्षाचं बिल निर्यातदाराला किंवा माल पॅक करणाऱ्या पॅकहाउसला करा, थेट, करार करून. बागायतदाराला फुकट द्या. तो व्यवहार स्टोअरच्या बाहेरचा राहील आणि फुकट असूनही ॲप शेतकऱ्याच्या फोनमधून काढलं जाणार नाही, कारण त्याचा माल घेणाराच त्याला विचारेल, नोंद कुठाय?

दुसरं, ॲप हलकं ठेवा. तू पुण्यात ज्या फोनवर बघतेस तो इथे कुणाकडे नाही. फोनच्या किमती वाढल्यापासून लोक सेट बदलत नाहीत. फोल्डर, म्हणजे स्क्रीन, फुटला तर नवा फोल्डर बसवून घेतात, बॅटरी बदलतात, पण तीन-चार वर्षं तोच वापरतात. बागेत रेंज नसते, तेव्हा नोंद रेंजशिवाय झाली पाहिजे आणि घरी आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे. बोलून नोंद घेता आली तर फारच उत्तम. "आज डाऊनी रोगासाठी मारलं" एवढं म्हटलं की बास. व्हॉट्सॲपवरून नोंद घ्यायची तुझी मैत्रीण म्हणते ती कल्पनाही मला आवडली. मात्र तिथला मालक मेटा, आणि कंपन्यांनी पाठवायच्या मेसेजचे दर तोच ठरवतो. तो दरवाजा ठेवा, पण एकुलता एक नको.

नोकरीबद्दल आईचं म्हणणं वेगळं आहे, ते ती तुला सांगेल. माझं म्हणणं, एका निर्यातदाराचा लेखी होकार येईपर्यंत सोडू नकोस. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तो मिळवायचा, कारण एकदा छाटणी झाली की कुणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नाही.

तू लिहिलंयस की तुम्ही वैयक्तिक खात्यावरून ॲप टाकणार, आणि त्याला आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायचा गुगलचा नियम आहे. ती १२ माणसं पुण्यातल्या मित्रांतून गोळा करू नकोस, मी इथून देतो. सावळज, मणेराजुरी, कवठे एकंद, जिथे जिथे माझं गिऱ्हाईक आहे तिथून निवडतो, सगळी बागायतदार. त्यात दोघं असे घेतो ज्यांचा फोन कायम फुल असतो, एक असा ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि सुनेला सगळं करायला लावणारा एक तरी. त्यांचे जीमेलचे पत्ते मीच काढून दिलेले आहेत, त्यामुळे यादी तुला बुधवारपर्यंत मिळेल. तू फाइल तयार झाली की कळव, मी प्रत्येकाच्या फोनवर इथेच बसून टाकून देतो.

तुझे,
पप्पा