दात बघायला डोळे लागतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'एका दातावरून अख्खा प्राणी!' हा लेख वाचला. लेखकमहाशयांना दातावरून प्राणी ओळखण्याचा हा सगळा प्रकार कुडमुड्या जोशाच्या पंक्तीतला वाटतो. वाटो बापडा! पण हाडांची माती होते तिथेही दात टिकतो, कारण त्यावरच्या इनॅमल नावाच्या आवरणाइतके कठीण शरीरात दुसरे काही नाही. मांजराएवढ्या खुरवाल्या जनावराचे कोट्यवधी वर्षांनी हाती लागते ते बहुधा दातच.

आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनात हेच मांडले होते. बोकडाचा जबडा खाटकाकडचा, डुकराचा शेजारच्या फेस्ताच्या जेवणातला. दोन्ही सोड्यात उकळून, जुन्या ब्रशाने घासून पांढरेशुभ्र केलेले. बोकडाच्या दाढेवर चंद्रकोरीसारख्या कडा, डुकराच्या दाढेवर बुटके गोल उंचवटे. एक सुटी दाढ पुढे करून ती येईल त्याला विचारायची, "ओळखा, कुणाची?" परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला, "शी, ही घाण कुणी आणली?" म्हणाले आणि पुढे सरकले. पहिले बक्षीस ज्वालामुखीला. तो आमच्या तालुक्यात दरवर्षी फुटतो, फक्त धाकटा भाऊ घेऊन येतो. त्या मुलीचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि परवाचा लेख वाचताना तो रुमालही आठवला.

शिवाय 'इंडोहायस हा दातांवरून देवमाशाचा पूर्वज ठरला' हे कुठून आणलेत? इंडोहायस म्हणजे वर म्हटले तसलेच मांजराएवढे, खुरवाले, कधीच नामशेष झालेले जनावर. भूवैज्ञानिक रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटच्या जीवाश्मांवरून १९७१ साली त्याला नाव दिले. देवमाशाशी नाते जुळले ते २००७ साली, जीवाश्मतज्ज्ञ थेविसन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कानाच्या हाडाची देवमाशासारखी जाड कड पाहिली तेव्हा. तेही पूर्वजाचे नव्हे, चुलत घराण्याचे. दातांनी तिथेही साक्ष दिली, पण वेगळी: इनॅमलमधल्या ऑक्सिजनवरून हा प्राणी बराच वेळ पाण्यात काढत असावा, असे दिसले. कुडमुड्याला हे जमते का, विचारून सांगावे.

लेखाशेजारच्या फोटोखाली 'पिसोरी' छापले आहे. ते चितळाचे पाडस आहे. पिसोरी म्हणजे इवलेसे मूषकहरीण, आपल्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलात आहे. तिच्यात नरालाही शिंगे नसतात, सुळे असतात. म्हणजे इथेही दातच बघायला हवे होते.

जाता जाता, गेल्या दोन शब्दकोड्यांची उत्तरे अद्याप छापलेली नाहीत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वाळपई