झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं आपलं आधार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर असं दिवसभर फिरणं असतं. मागच्या आठवड्यात एका झेरॉक्सवाल्यांनी बोलावलं, म्हणाले पीसी लई हँग व्हायलाय, सी ड्राईव्ह लाल झालाय, बघा जरा. बघितलं तर नुसता डाउनलोड्स फोल्डर ६० जीबीचा. उघडला आणि गपगार झालो. गावभरची आधार कार्डं, पॅन, दहावीच्या मार्कलिस्टा, पासबुकं, कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, आणि खाली सरकत गेलो तर चक्क आमच्या आत्याचं आधार, रेशनच्या कामाला काढलेलं! मालक म्हणाले, "अहो प्रिंट दिली की काम संपलं, पुसत कोण बसतंय." त्यांचंही खोटं नाही, ॲडमिशनच्या दिवसात काउंटरला वीस-वीस पोरं उभारलेली असतात.

लोकांना वाटतं व्हॉट्सॲपवरनं पाठवलं म्हणजे सेफ, एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे. आहे की, २०१६ पासनं आहे, पण त्यातला दुसरा एंड म्हणजे दुकानातला पीसीच ना! वाटेत कुणाला फाईल वाचता येत नाही, पण पोचली की ती उघडीच पडून राहते. साइटच्या पत्त्याजवळचं कुलूप पण तसंच, वाटेपुरतं. ब्राउझरचं इन्कॉग्निटो, म्हणजे खाजगी विंडो, लावलं तर हिस्ट्री जाते, डाउनलोड केलेली फाईल जात नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणावं तर तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, आणि गिऱ्हाईक तो काउंटरवरनं मोठ्यानं सांगतंय, मागची अख्खी लाईन ऐकतीय.

बरं, डिलीट केलं तरी ते आधी रिसायकल बिनमध्ये जातं. बिन रिकामी केली तरी हार्डडिस्कवर फक्त नोंद जाते, ती जागा मोकळी आहे एवढंच विंडोज लिहून ठेवतं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून रान कुठं जातंय? त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फाईल परत काढता येते, मी स्वतः गिऱ्हाइकांचे लग्नातले फोटो असेच काढून दिलेत.

त्यात तो पीसी विंडोज ७ वर! त्याचे सिक्युरिटी अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच येऊन पडला होता, ज्यांनी टाकला नाही त्यांच्या फायली लॉक झाल्या. इथं तर दिवसभर कुणाचे कुणाचे पेनड्राईव्ह लागतात आणि सगळं काम ॲडमिन अकाउंटवरनंच, म्हणजे पीसीत काहीही बदलायची मुभा असलेल्या खात्यावरनंच चालतं.

दुकानदार मंडळींना सांगणं एवढंच, गिऱ्हाइकाच्या कामाला वेगळं साधं युजर अकाउंट करा, पासवर्ड गिऱ्हाइकालाच टाईप करू द्या, आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंगमध्ये स्टोरेज सेन्स म्हणून आहे, त्यात एक दिवस न उघडलेली डाउनलोड्समधली फाईल आपोआप पुसायची सोय आहे, ती आपण चालू केल्याशिवाय होत नाही. आणि गिऱ्हाइकांनो, जिथं चालतंय तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानातल्या पीसीवर स्वतःचं व्हॉट्सॲप जोडलं असेल तर फोनमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून काढून टाका, नुसता ब्राउझर बंद करून ते निघत नाही. त्याच पीसीवर कुणाचं तरी चालूच होतं, मी काम करत असताना "येताना अर्धा लिटर दूध आणा" म्हणून मेसेज आला.

आत्याची फाईल पहिली पुसली, मग मालकांना विचारून बाकीच्या, आणि मोकळी झालेली जागा परत लिहून काढली, त्यात संध्याकाळ झाली. मजुरी तीनशे सांगितली, मालकांनी चहा पाजला आणि दोनशे दिले.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर