वजन जास्त असेल, तर भूलतज्ज्ञांची पहिली भेट टेबलावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खूप वजन असलेल्या रुग्णाचे शस्त्रक्रियेत काही बरेवाईट झाले की बातमीत हमखास एक वाक्य असते, 'भुलीचा डोस जास्त झाला.' मी जिल्ह्याच्या गावात चौतीस वर्षे भूल दिली, आता निवृत्त आहे. ते वाक्य वाचले की जीव कासावीस होतो. अशा रुग्णाला खरा धोका असतो तो श्वासाचा, आणि तो टाळायची वेळ ऑपरेशनच्या कितीतरी दिवस आधी येऊन गेलेली असते.

पूर्ण भूल देताना आम्ही आधी मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतो. मग झोपेचे आणि स्नायू सैल करणारे औषध जाते, रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत तो फुफ्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर असतो. सडपातळ, निरोगी माणसाला हा साठा साधारण ८ मिनिटे पुरतो. सव्वाशे किलोचा माणूस उताणा झोपला की पोटाच्या भाराने श्वासपटल वर ढकलले जाते, फुफ्फुसात हवेला जागाच कमी उरते, शिवाय त्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. त्याचा साठा ३ मिनिटांच्या आत संपतो. त्यात मान आखूड आणि जाड असली की मास्क नीट बसत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्सने २०११ साली देशभरातली पाहणी प्रसिद्ध केली, तीत श्वासमार्गाच्या गंभीर घटना लठ्ठ रुग्णांत दुप्पट आणि अतिलठ्ठ रुग्णांत चौपट आढळल्या होत्या.

मी हे एकदाच, पण फार जवळून पाहिले. माझी प्रॅक्टिस नवी होती. आम्ही भूल देणारे तेव्हाही एका दवाखान्यातून दुसऱ्यात धावत असायचो. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ११८ किलोच्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते थेट टेबलावर. औषध दिले आणि मास्कमधून हवा आत जाईना. ऑक्सिमीटरचा आवाज ऑक्सिजन उतरू लागला की खाली खाली येतो. तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो. सर्जन हातातले टाकून मदतीला आले, कशीबशी नळी बसली, बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने मला पेढे दिले. ते मी घरी नेले, पण माझ्याने खाववले नाहीत. मी त्यांना आदल्या आठवड्यात भेटले असते, तर मान पाहिली असती, तोंड उघडायला सांगितले असते, बाई रात्री घोरतात का हे विचारले असते.

तयारी असली की हेच काम किती सुरक्षित होते, हेही मी पुढे पाहिले. खांद्यांखाली आणि डोक्याखाली चादरींच्या घड्यांचा उतार करायचा, कान आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत येईपर्यंत. टेबल डोक्याकडून उंच ठेवायचे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारे कॅमेऱ्याचे उपकरण, आणि दुसरा अनुभवी माणूस शेजारी हवा. बीपीचा मोठा पट्टा हवा. लहान पट्टा बीपी खोटेच जास्त दाखवतो. टेबल किती किलो पेलते, हे आधी पाहायला हवे. आणि साधा वजनकाटा! कित्येक लहान दवाखान्यांतला काटा १२० किलोला संपतो, मग वजन अंदाजाने लिहिले जाते. काही औषधांचा डोस एकूण वजनावर ठरतो, तर काहींचा चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर. तिथे अंदाज चालत नाही. २०१७ मध्ये इजिप्तमधल्या एका महिलेवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. भारतात आली तेव्हा तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याच्या बातम्या होत्या. तिच्या बाबतीत आधी कित्येक आठवडे तयारी चालली होती.

घोरण्याचे थोडे सविस्तर लिहिते, कारण घरच्यांना त्याचे काहीच वाटत नाही. 'गाढ झोप लागते हो त्यांना,' असे कौतुकाने सांगतात. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडणे, म्हणजे स्लीप ॲप्निया, अतिलठ्ठ लोकांत फार आढळतो आणि बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसते. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ साली त्यासाठी आठ सोपे प्रश्न तयार केले. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा, पेंग येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? बीपी आहे का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का? पुरुष आहात का? तीन किंवा जास्त उत्तरे 'हो' आली, तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांशी बोलायलाच हवे.

१३२ किलोच्या एका गृहस्थांचे हर्नियाचे ऑपरेशन मी याच प्रश्नांवरून पुढे ढकलले होते. घरचे चिडले. सर्जन म्हणाले, 'मॅडम, केस दुसरीकडे जाईल.' गेली नाही. झोपेची तपासणी झाली, त्यांना रात्री लावायचे, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र मिळाले, तीन आठवड्यांनी ते यंत्र घेऊनच दाखल झाले. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले.

हे यंत्र विशेष लागते ते ऑपरेशननंतरच्या रात्री, आणि मला सर्वांत जास्त भीती त्या रात्रीची वाटते. दुखू नये म्हणून दिलेल्या अफूवर्गीय इंजेक्शनाने श्वास मंदावतो. घोरणे ऐकून नातेवाईक म्हणतात, निवांत झोपलाय. त्या रात्री पाठ उंचावलेली, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला आणि तो बघणारी नर्स जागी हवी. दुखण्यासाठी शक्य तिथे नस बधिर करणारे इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल वापरता येते.

आता एक नवी गोष्ट आली आहे. वजन उतरवणारी, आठवड्याला एकदा घ्यायची मौंजारो, वेगोवी ही इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली. त्यांनी जठर सावकाश रिकामे होते. रात्रीपासून उपाशी असलेल्या रुग्णाच्याही पोटात अन्न राहू शकते, आणि भुलीत ते उलटून फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. पण लोक ही सुई लाजेने लपवतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः मधुमेहासाठी घेत असाल तर. पण भूल देणाऱ्यांना नक्की सांगा. आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. ऑपरेशन थिएटरात लठ्ठ रुग्णांच्या वजनावरून कुजबुज, हसणे मी ऐकले आहे. ज्याला हसतात, तो माणूस वजन, घोरणे, सुई सगळेच लपवतो.

रुग्णालयांना माझी विनंती आहे की, अशा रुग्णाची भूलपूर्व तपासणी किमान आठवडाभर आधी करावी आणि तिचे शुल्क भूलतज्ज्ञाला वेगळे द्यावे. माझ्या अनुभवात त्या भेटीचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ती भेटच होत नाही.

१६ ऑक्टोबरला जागतिक भूल दिन असतो. त्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर वरचे आठ प्रश्न ठळक चौकटीत छापावेत, ही विनंती. मानेचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते, एवढी ओळ खाली जरूर घाला.

आपली,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
सातारा जिल्हा