बेद्गेलर्टसाठी तुमच्या आजीची मुंगसाची गोष्ट हवी आहे

सप्रेम नमस्कार,

वेल्सच्या एरीरी डोंगरांत, ग्लासलिन आणि कोल्विन नद्यांच्या संगमावर बेद्गेलर्ट नावाचं लहानसं गाव आहे. काळसर दगडाची घरं, दगडी पूल. नदीकाठच्या पायवाटेने थोडं चाललं, की झाडाखाली लोखंडी कठड्यात दोन पाट्या दिसतात, एक वेल्श भाषेत आणि एक इंग्रजीत. बेद म्हणजे थडगं. हे गेलर्टचं थडगं.

आख्यायिका सांगते, की गेलर्ट हा तेराव्या शतकातल्या लेवेलिन राजाचा शिकारी कुत्रा. राजा शिकारीहून परतला तर पाळणा उलटलेला, बाळ दिसेना आणि कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. त्याने रागाच्या भरात तलवार खुपसली. तेवढ्यात पाळण्याखालून बाळ रडलं. बाजूला लांडगा मरून पडला होता.

घागर घेऊन पाण्याला गेलेली बाई आठवली ना? बाळाजवळ आलेल्या सापाला मारून, रक्ताळल्या तोंडाने दारात धावत आलेलं आणि तिने गैरसमजाने मारलेलं मुंगूसही आठवलं असेल. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली ही गोष्ट तोंडोतोंडी देशोदेशी फिरली, असं लोककथांचे अभ्यासक सांगतात.

थडगं त्या मानाने नवं आहे. १८०० च्या आसपास इथल्या गोट हॉटेलच्या डेव्हिड प्रिचर्ड यांनी ते उभारलं असं मानतात. गावाचं नाव बहुधा केलर्ट या जुन्या संतावरून आलेलं. तरी थडगं खोटं म्हणून सोडून द्यावं, असं आम्हाला वाटत नाही. तिथे लहान मुलं आईचा हात धरून गप्प उभी राहतात, हे आम्ही पाहिलं आहे.

गावात बघण्यासारखं बरंच आहे. ऑगस्टिनियन मठाच्या जागेवरचं सेंट मेरी चर्च, १९०३ साली बंद पडलेली सिगन तांब्याची खाण आणि दंतकथेतल्या लाल-पांढऱ्या ड्रॅगनच्या झुंजीची दिनास एम्रिस टेकडी.

आमचं मराठी मंडळ या गावाची मराठी माहितीपुस्तिका करत आहे. त्यात मुंगसाची गोष्ट घराघरांत सांगितली जाते तशी छापायची आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, कुठल्याही बोलीत-भाषेत पाठवा. आजी-आजोबांच्या आवाजात ध्वनिमुद्रण मिळालं तर फारच उत्तम. वेल्श जाणणारं कुणी असेल तर नावांचे उच्चार तपासून द्या. छपाईसाठी जमेल तेवढी देणगी मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी. पावती मिळेल.

गोष्ट पाठवताना सुधारू नका. बाईने घागर टाकली की दगड मारला, जसं ऐकलंत तसंच लिहा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते