माउस माझ्याच हातात ठेवणाऱ्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नाव जाहीरपणे लिहायचे नाही, असे तू मला बजावले आहेस, म्हणून ते लिहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी आमच्या ओट्यावरून आत येताना ज्यांनी तुला पाहिले, त्या अमळनेरच्या आपल्या गल्लीतल्या माणसांना ते सांगावेही लागणार नाही. आभार मात्र जाहीरपणे मानू दे. ब्राउझरमध्ये अनेक पाने एकाच वेळी उघडी ठेवायचे तू जे शिकवलेस, ते निवृत्तीनंतर संगणकासमोर बसलेल्या माझ्यासारख्या पुष्कळांच्या उपयोगाचे आहे, आणि ज्या रीतीने शिकवलेस ती रीत तर शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशी आहे.

माझे काम तुला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीच्या शब्दांची वही करतो आहे. आईच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द वहीत पक्का करण्यापूर्वी तो मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात आहे का, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कोणत्या अर्थाने आला आहे, आणि ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, जेथे खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिली बोलींच्या शेजारी बसवले आहे, तेथे त्याचे रूप कसे छापले आहे, हे ताडून पाहावे लागते. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात आणि ग्रिअर्सनचा खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेला आहे. सामग्री अशी घरबसल्या हाताशी होती. पण मी ती एकामागून एक उघडत असे. दुसरे पान उघडले की पहिले जाई, मागच्या बाणाने परतलो की शोध नव्याने करावा लागे, आणि ग्रिअर्सनमधले पान एकदा निसटले की शेकडो पानांतून ते पुन्हा हुडकण्यात दुपार सरे.

ही सवय शाळेतल्या संगणकाने लावली होती. त्यावर इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची सहावी आवृत्ती होती आणि तिच्यात टॅब, म्हणजे एकाच खिडकीत अनेक पाने उघडी ठेवण्याचे कप्पे, नव्हतेच. ते सातव्या आवृत्तीत, २००६ साली आले. पुढे संगणक बदलला, ब्राउझर बदलला, हात मात्र जुन्याच वळणाने चालत राहिला.

मधल्या काळात मी एका संगणक वर्गात पैसे भरून गेलो होतो. तेथील शिक्षक वाईट नव्हते, पण माझा हात अडखळला की ते माझ्या बोटांखालून माउस काढून घेत, चार-पाच वेळा टकटक करत आणि “झालं बघा काका” म्हणून पुढच्या बाकाकडे जात. काम होत असे. ते कसे झाले, हे मला कधीच कळत नसे. दीड महिन्यानंतर मी जाणे बंद केले आणि आपले वय झाले, असे मनाशी ठरवून टाकले.

तू पहिल्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला बसलीस आणि दोन्ही हात मांडीवर ठेवलेस. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत तू एकदाही माउसला हात लावला नाहीस, हे तू नाशिकला परत गेल्यावर माझ्या ध्यानात आले. मला सर्वांत आधी आभार मानायचे आहेत ते त्या मांडीवर ठेवलेल्या हातांचे.

“नाना, चाक दाबी देखा,” तू म्हणालीस. माउसचे चाक फिरवायचे असते, एवढेच मला माहीत होते. तेच चाक एक बटणही आहे, हे वीस वर्षे माउस वापरून मला कळले नव्हते. मी दाबायला गेलो की बोट घसरे, चाक फिरे आणि पान खाली सरके. एकदा ते लिंकवर न दाबता कोऱ्या जागेवर दाबले गेले, तेव्हा पडद्यावर बाणांची एक गोल खूण उमटली आणि पान आपोआप वाहू लागले. मी घाबरून हात उचलला. तू शांतपणे सांगितलेस की हीसुद्धा एक सोयच आहे, लांबलचक पान वाचताना उपयोगी पडते, पुन्हा एकदा क्लिक केले की थांबते. मग माउस अंगठा आणि अनामिका यांच्यात धरून मधले बोट चाकावर सरळ खाली दाबायला लावलेस. सातव्या का आठव्या वेळी बारीकसा ‘टक’ आवाज आला आणि वरच्या पट्टीवर, पहिल्या टॅबला धक्काही न लावता, दुसरा टॅब उघडला. मी वाचत होतो ते पान समोर जसेच्या तसे होते. त्या क्षणी मला काय वाटले, हे तुला माझ्या चेहऱ्यावर दिसले असेलच.

चाक रुसले तर कंट्रोल दाबून साधे क्लिक करावे, तेच काम होते, हे तू त्याच दिवशी सांगून ठेवलेस. पुढे महिनाभरात माझ्या माउसचे चाक खरोखरच बिघडले आणि नवीन माउस येईपर्यंत माझे काम त्या एका वाक्यावर चालले.

या चाकाच्या निमित्ताने थोडे वाचन झाले. डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले. मी तेव्हा पहिलीत होतो. त्या माउसला तीन बटणे होती, चाक नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये चाकाचा माउस आणला आणि त्यानंतर चाक घरोघरी गेले.

आता एका शब्दाचे काम कसे होते ते सांगतो. ‘आंडोर’, म्हणजे मुलगा, हा शब्द घेतला. ग्रिअर्सनने बहुतेक प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधल्या उधळ्या पुत्राची एकच कथा भाषांतरित करून घेतली, आणि तिच्या पहिल्याच वाक्यात एका माणसाचे दोन मुलगे येतात. म्हणून खानदेशीचा उतारा एका टॅबमध्ये, भिली बोलींचे उतारे शेजारच्या दोन टॅबमध्ये आणि दोन्ही कोश त्यापुढे, अशी पाच पाने मांडली. कंट्रोल धरून एक ते पाच आकडे दाबले की ती ती पाने समोर येतात, जणू जमिनीवर पाच पुस्तके उघडी पसरून मध्ये बसलो आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्कॅनमधली बारीक अक्षरे मला त्रास देतात. तेथे कंट्रोल धरून चाक फिरवतो, अक्षर मोठे होते, आणि कंट्रोल-शून्य दाबले की पूर्ववत होते. एखादे पान नको असेल तर त्याच्या टॅबवरच चाक दाबतो आणि ते मिटते.

मिटण्यावरून ती भाद्रपदातली रात्र आठवते. अकरा टॅब उघडे होते आणि मी एक बंद करायला जाऊन कोपऱ्यातली फुली दाबली. सगळी खिडकीच गेली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरी तुला फोन केला. “ब्राउझर परत उघडा. आता कंट्रोल आणि शिफ्ट धरून टी दाबा,” तू म्हणालीस. अकराच्या अकरा टॅब परत आले, त्याच क्रमाने. मी फोनवर काही बोललो नाही, कारण गळा दाटून आला होता; तुला वाटले फोन कट झाला. शेवटी तू एवढेच बजावलेस की अशाने पाने परत येतात, पण त्यांत टाइप केलेला मजकूर परत येईलच असे नाही, तेव्हा तो आधी जतन करत जा. ते मी पाळतो.

गल्लीतले दोन निवृत्त सहकारी आता आठवड्यातून दोनदा माझ्याकडे शिकायला येतात. मी त्यांच्या डाव्या हाताला बसतो. त्यांचा बाण चुकीच्या जागी जातो तेव्हा माझा हात आपोआप माउसकडे निघतो, आणि मी तो परत मांडीवर ठेवतो. हे किती कठीण आहे ते आता कळते आहे, आणि तू विसाव्या वर्षी ते तीन आठवडे कसे निभावलेस याचे नवल वाटते.

वही ‘ज’पर्यंत आली आहे. टॅबवर उजवे क्लिक करून तो पिन करणे मला आपले आपण सापडले. दोन्ही कोश आता पट्टीच्या डाव्या टोकाला कायमचे बसले आहेत. दोन टॅब ओढून वेगळ्या खिडक्यांत शेजारी शेजारी लावणे मात्र अजून नीट जमत नाही, एक खिडकी दुसरीवर चढते. कानबाईच्या रोटांच्या सणाला घरी येशील तेव्हा तेवढे दाखव. तुझ्यासाठी डाव्या बाजूची खुर्ची तशीच ठेवली आहे.

तुझे,
नाना
अमळनेर, जि. जळगाव